दारापासून दारापर्यंत

उलवे,
११ जानेवारी २०२६

चि. किसन यास ताईचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे बरे आहेत. फोन असताना ही बाई कागद कशाला खराब करते, असं चारुलता म्हणेल. तिला सांग, फोन आला की माझा मिथुन स्पीकर लावतो, सगळं घर गोळा होतं आणि मला माझ्या भावाशी एक शब्द धड बोलता येत नाही. तू मस्कतला होतास तेव्हा आपण पत्रंच लिहायचो की. मला ते आवडायचं.

बातमी अशी की नाताळपासून इथल्या नव्या विमानतळावर विमानं सुरू झाली. आमच्या गॅलरीतून सरळ दिसतात. पहिल्या दिवशी अख्खी सोसायटी गच्चीवर. तुझे भावजी तर हात हलवत होते, जसा काही जावईच बसलाय आत. मी गॅलरीतून हलले नाही. चाक जिथं टेकतं ना, तिथंच आपली पडवी होती असं मला वाटतं. भावजी म्हणतात, पडवी नाही, तुमचं घर त्याच्या पलीकडं, टेकडी फोडली त्या अंगाला. कोण भांडत बसणार! माझं माहेर त्याच डांबराखाली कुठंतरी आहे, एवढं खरं.

आता विचारते त्याचं नीट उत्तर दे, थट्टेवारी नेऊ नकोस. तिथून इथं यायला किती वेळ लागतो?

आई गेली तो दिवस मला हल्ली सारखा आठवतो. सगळे मामाची वाट बघत थांबले होते. मामा माहेरचं लुगडं घेऊन आला, ते आईच्या अंगावर घातलं आणि लगेच उचललं. मी ओरडत होते, किसन यायचाय, किसन यायचाय. पण लुगडं आलं की मग कुणी कुणासाठी थांबत नाही. त्या वर्षीची रजा तू जत्रेला येऊन संपवली होतीस, दुसरी मिळेना. तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात उभा राहिलास. तुझं ते तोंड मी विसरले नाही.

असो. मी मिश्री सोडली, हे चारुलतेला मुद्दाम सांग. तिचा विश्वास बसणार नाही.

तुझी,
ताई

ब्रॅम्प्टन,
२९ जानेवारी २०२६

प्रिय ताई, नमस्कार.

पत्र हातात घेऊन मी दारातच उभा राहिलो. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि पाकिटाला सुकटीचा वास! खरं सांग, लिहिताना शेजारी जवळा निवडत होतीस ना?

चाळीस वर्षांची मिश्री सोडलीस? शाबास! चारुलता म्हणाली, "ताई आजारी तर नाहीत?" मी म्हटलं, तुला चांगलं काही सुचतच नाही.

आता तुझा हिशोब. इथून दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास, दिल्लीहून तुझ्याकडं आणखी हजार-अकराशे. पहिल्या विमानाला चौदा तास, दुसऱ्याला दोन. म्हणजे सोळा तास! पूर्वी दिल्लीहून मुंबईत सहारला उतरून खाडी ओलांडून यावं लागायचं. आता मी सरळ आपल्या पडवीत उतरणार. भावजींना सांग, पडवीच होती ती, ताई म्हणते तेच खरं. पृथ्वीच्या त्या टोकावरून सोळा तासांत बहिणीच्या गॅलरीखाली. आपला आजा उरणला चालत जायचा तर जेवण बांधून न्यायचा.

ताई, एक विचारू? फोनवर तू हल्ली नुसती हं हं करतेस. माझ्यावर राग आहे का? असला तर शिव्या घाल, पण बोल.

तुझा,
किसन

उलवे,
१४ फेब्रुवारी २०२६

चि. किसन यास आशीर्वाद.

सोळा तास म्हणे! लहानपणीही तू असाच. नुसती खाडीत उडी मारायचास आणि घरी येऊन सांगायचास, पलीकडं जाऊन आलो.

मी आकाशातलं विचारलं नव्हतं. तू दाराला कुलूप लावलंस तिथून माझ्या दारात चप्पल काढलीस तिथपर्यंत, दारापासून दारापर्यंत, किती? तिकीट मिळायला किती? विमान रोज आहे का? दिल्लीला किती वेळ बसवून ठेवतात? सामानाची बॅग मागं राहते म्हणतात, तर एखादी वस्तू हातातल्या पिशवीतून आणू देतात का? हे सगळं लिही. मिथुनला विचारलं तर तो मोबाईल बघायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघत बसतो. पोरगं हल्ली फार हळवं झालंय.

दुसरं काम. एक लुगडं घेऊन ठेव. नऊवारी, हिरवं, काठ कुठलाही चालेल. कोरं पाहिजे, घडी मोडलेलं नको. मला पार्सल करू नकोस, फोटोसुद्धा पाठवू नकोस. तुझ्या कपाटात ठेव आणि येशील तेव्हा स्वतः हातानं आण. कॅनडात नऊवारी कुठं मिळणार, हे रडगाणं गाऊ नकोस. एवढे मराठी लोक तिथं आहेत, कुणाकडं तरी असेल.

रागबिग काही नाही. फोनवर बोलायचा कंटाळा येतो, एवढंच. इथं सकाळी गार वारा असतो, घसा बसतो.

मनस्वीनं आज बोंबलाचं कालवण केलं होतं, तुझ्या आवडीचं. मी वास घेतला आणि पेज प्याले. जेवण हलकं बरं पडतं आता.

तुझी,
ताई

ब्रॅम्प्टन,
३ मार्च २०२६

प्रिय ताई, नमस्कार.

कळलं, कळलं! मनस्वीचं जमलं ना? हिरवं नऊवारी, मामानं हातानं आणायचं, फोटोसुद्धा नको. हळदीला तूच नेसणार असशील. मला सांगायचं नाही, थेट तारीख कळवायची, असा तुझा बेत दिसतो. मी गप्प बसतो, पण मी ओळखलं आहे, एवढं लक्षात ठेव.

लुगडं मिळालं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी पुण्याहून दोन आणली होती, त्यातलं एक न उघडलेलं माझ्यासाठी सोडलं. कपाटात वरच्या खणात ठेवलं आहे. तुला एक गंमत सांगतो. चारुलतेनं ते हातात घेऊन बघितलं. मग म्हणाली, "अहो, हळदीचं लुगडं असं मागतात का? आमच्याकडं भावाच्या हातचं हिरवं लुगडं असं मागवतात ते..." मी तिला पुढं बोलू दिलं नाही. फार चिडलो तिच्यावर. देशावरच्या माणसांना आपल्या हळदी काय माहीत!

आता तुझं दारापासून दारापर्यंत. घर ते विमानतळ तासभर. तीन तास आधी बोलावतात. चौदा तास आकाशात. दिल्लीला शिक्के, सामान, दुसऱ्या विमानाची वाट, पाच तास धर. मग दोन. बाहेर पडून तुझ्याकडं तासभर. सव्वीस होतात, तू अठ्ठावीस धर. विमान रोज आहे. अडीअडचणीला तिकीट अर्ध्या दिवसात मिळतं, जास्त पैसे पडतात. हातातल्या पिशवीत लुगडं आणता येतं, लुगड्याला कोण अडवतो?

आता खरी बातमी. मालक या वर्षी रजा लवकर द्यायला तयार आहे. वर्षाची ती एकच, तीन आठवड्यांची. एप्रिलच्या दहा तारखेचं तिकीट बघून ठेवलं आहे. येऊ ना? गॅलरीत बसून दोघं विमानं बघू. बोंबलाचं कालवण मी खाईन आणि तू वास घे!

तुझा,
किसन

उलवे,
१९ मार्च २०२६

चि. किसन यास आशीर्वाद.

एप्रिलमध्ये येऊ नकोस.

घर रंगवायला काढायचं आहे. झोपायला जागा नाही. भावजींचे गुडघे दुखतात. मनस्वीला सुट्टी नाही. तू आलास तर तुझ्याकडं बघायला कुणी नाही. रजा तशीच ठेव. एकदा वापरलीस की वर्षभर सुटका नाही, ते आईच्या वेळी बघितलं. मी कळवीन तेव्हाच ये. तिकीट काढलं असशील तर परत कर. यावर वाद नको.

अठ्ठावीस तास लिहिलेस ते बरं केलंस. ते मला पुरतात.

चारुलतेवर चिडू नकोस. शहाणी बाई आहे.

ताई

ब्रॅम्प्टन,
४ एप्रिल २०२६

ताई, नमस्कार.

तिकीट काढलं नव्हतं, परत करायचा प्रश्न नाही.

सात ओळींचं पत्र तू मला आयुष्यात कधी लिहिलं नव्हतंस. मस्कतला दहा-दहा पानं लिहायचीस, म्हैस कधी व्याली तेसुद्धा. झोपायला जागा नाही, हे कारण मला कुणी परक्यानं दिलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तुझ्या घरात मी जमिनीवर झोपलो नाही का कधी?

मी मिथुनला फोन केला होता. "आई कशी आहे?" विचारलं. तो म्हणाला, "मामा, टेन्शन नको घेऊ, थोडा घसा बसलाय." आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागला. मग मी व्हिडिओ लावायला लावला. तू खोलीच्या पार त्या टोकाला बसली होतीस. हात वर केलास, बस. चैत्राच्या उकाड्यात गळ्याभोवती पदर का गुंडाळला होतास, ताई?

चारुलता रोज म्हणते, तिकीट काढा आणि जा. मी म्हणतो, तिनं नको म्हटलंय. तुझा शब्द मोडायची मला सवय नाही, हे तुला चांगलं माहीत आहे आणि त्याचाच तू फायदा घेते आहेस असं मला वाटतं. रागावलो आहे. मनस्वीचं लग्न दुसऱ्या कुणाच्या हातून करायचं असेल तर तसं लिही. मी लुगडं पोस्टानं पाठवीन.

किसन

उलवे,
२० एप्रिल २०२६

चि. किसन यास आशीर्वाद.

लुगडं पोस्टानं पाठवायचं नाव पुन्हा काढू नकोस. माझ्या माहेरचं आता काय उरलंय? घर गेलं, विहीर गेली, देव उचलून दुसरीकडं नेला. आई-बापू गेले, मामा गेला. तू तेवढा आहेस. तू पोस्टानं येणार का?

अक्षर वाकडं आलंय. पेन जड लागतं.

उत्तर मागू नकोस. ऐक. एक दिवस मिथुन फोन करेल आणि म्हणेल, "मामा, निघ." तेव्हा का, कशाला, विचारत बसू नकोस. लुगडं हातातल्या पिशवीत घे. गरम कपडे, खाऊ, भावजींची चॉकलेटं, काही घेऊ नकोस, सामानाला उशीर होतो. इथल्या माणसांना मी तुझ्यासाठी थांबायला सांगून ठेवलंय. सगळ्यांनी शब्द दिलाय. मुलांना मी शपथ घातलीय, त्यांना फोन करून छळू नकोस. ती आधीच रडकुंडीला आलीत.

तू मोठा झालास तरी मला माहीत आहे, तू हे पत्र वाचून रडशील आणि चारुलतेला म्हणशील, डोळ्यांत काहीतरी गेलं. रडू नकोस. मी सगळं नीट जमवलंय. आईसारखं होणार नाही, कुणी माझ्या नावानं ओरडत बसणार नाही की किसन यायचाय.

संध्याकाळी गॅलरीत बसते. एक विमान दिल्लीचं असतं, मनस्वीनं दाखवलंय. ते खाली उतरताना मी रोज बघते.

तुझी,
ताई

ब्रॅम्प्टन,
३१ मे २०२६

चि. मनस्वीस मामाचा आशीर्वाद.

पोचल्याचा फोन केला होता, तरी हे लिहितो आहे, कारण फोनवर मला जमणार नाही. तुझ्या आईनं मला पत्राची सवय लावली ती अशी.

वीस एप्रिलचं पत्र मला पाच मेला मिळालं होतं. ते वाचलं तेव्हा मला कळलं होतं, बाळा. मला काहीच कळलं नाही असं लोकांना वाटतं, तुलाही वाटत असेल. चारुलतेला आणि मला, दोघांनाही कळलं होतं. तरी मी निघालो नाही. ती म्हणाली होती, मी कळवीन तेव्हाच ये. मला वाटलं, आत्ता गेलो, रजा संपली, परत यावं लागलं आणि मग ती गेली, तर पुन्हा आईसारखंच. तिचा सगळा हिशोब माझ्यामुळं बिघडायचा. म्हणून बॅग दाराशी ठेवून मी आठ-नऊ दिवस फोनची वाट बघत बसलो. आपलं माणूस जाण्याची वाट बघत बसलो, असं म्हण हवं तर.

गुरुवारी मिथुनचा फोन आला. संध्याकाळचं विमान मिळालं. दिल्लीला ठरल्यापेक्षा लवकरच सुटका झाली. दुसरं विमान वेळेवर निघालं. खिडकीशी होतो. खाडी दिसली, मग तुमच्या इमारती दिसल्या. कुठली गॅलरी तुमची ते शोधत होतो तेवढ्यात चाक टेकलं. आपल्या पडवीत उतरलो. अठ्ठावीस तास तिला सांगितले होते, त्याच्याही आत दारात पोचलो.

आणि खरंच सगळे थांबले होते. बर्फाच्या पेटीपाशी तुझे हिरामणकाका बसून होते. मला बघून म्हणाले, "आलास? तिनीच सांगलेलं, माजा भाव येनार हाय, येक रात थांबा. आमी थांबलो." लुगड्याची घडी मी मोडली, काकूंनी ते तिच्या अंगावर घातलं. पदराखाली लपवलेली गळ्यावरची ती जागा तेव्हा बघितली. बायका म्हणाल्या, भाव असावा तर असा, समुद्रापलीकडून येल्यावर पन वेळ चुकला नाय. मला ते ऐकताना बरं वाटलं, हे तुला सांगतो. इतकं सगळं होऊनसुद्धा बरं वाटलं.

तेराव्यानंतर तू मला डॉक्टरांचे कागद दाखवलेस. डिसेंबरात घशाच्या कॅन्सरचं निदान झालं होतं. म्हणजे पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तिला माहीत होतं. एप्रिलच्या दहाला मी आलो असतो तर तीन आठवडे मिळाले असते. तेव्हा ती बोलू शकत नव्हती, पण बसत होती, ऐकत होती, तूच म्हणालीस. मी विमानभर हेच धरून आलो की तिला जे हवं होतं ते मी केलं. तिनं मागितलं तसं झालं, तर मग माझं दुःख माझ्यापाशी.

घरी आलो. चारुलतेनं पाणी दिलं आणि एक पाकीट पुढं केलं. मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आलं होतं. मी आकाशात होतो तेव्हा ते आमच्या पेटीत पडलं. तिनं उघडलं नाही. म्हणाली, "तुमच्या ताईचं आहे, तुम्हीच फोडा." वरचं अक्षर मी आधी ओळखलंच नाही. दोन दिवस ते फोडलं नाही. आज फोडलं.

तुला हे कळवावं की नाही, यावर चारुलतेशी माझं भांडण झालं. ती म्हणते, पोरीला कशाला? पण तू तिची लेक आहेस, आणि एकट्यानं मला हे पेलत नाही. मूळ पत्र माझ्याकडं राहू दे. खाली तसंच्या तसं उतरवून देतो.

मामा

उलवे,
३० एप्रिल

किसन,

हे पत्र सोसायटीच्या वॉचमनकडून टाकायला देते आहे, मुलांना सांगितलं नाही. सगळ्यांची तोंडं मीच शपथ घालून बंद केली, आता कुठल्या तोंडानं सांगू की मामाला बोलवा? भावजी म्हणतील, हेच तर आम्ही कधीपासून म्हणत होतो. म्हणून पत्र. माझी खोड तुला माहीत आहे.

किसन, माझं चुकलं रे. काल रात्री झोप नव्हती आणि एकदम लक्षात आलं. लुगडं तू आणलंस, घातलंस, तरी मला कुठं दिसणार आहे ते? लोकांना दिसेल. मी मात्र तुझं तोंड बघायचं ठेवून, लोकांनी बघायचं तेवढं जमवत बसले. आई गेली तेव्हा मला तिच्यासाठी वाईट वाटलं होतं असं समजत होते. ते तुझ्यासाठी होतं. दारात उभं राहिलेलं ते तुझं तोंड. तेच मी पुन्हा करायला निघाले होते.

रजा संपली तर संपू दे. लुगडं मिथुन वाशीहून आणेल, कुठलंही आणलं तरी जळणारच आहे ते.

तू ये. बोलता येत नाही मला, तू बोल, मी हं हं करते. तिकडचे तीन तास, दिल्लीचे पाच तास, ते मला काही सांगू नकोस. तुझे ते सोळाच खरे धरते.

मनस्वीला खुर्ची गॅलरीत टाकायला सांगितली आहे. संध्याकाळी मी तिथंच असते.

ताई